सतरा महिन्यांचा श्रावण

गुरुवारी दिव्याची अवस, शुक्रवारपासून श्रावण. त्यामुळं आमच्या ग्रुपवर चार दिवस एकच चर्चा चालू आहे, बुधवारी रात्री बसायचं कुठं? हिप्परगा तलावाकडं, अण्णाच्या गच्चीवर, का तुळजापूर रोडला आप्पाच्या शेतात? शेवटी शेत ठरलं. मटण मी करणार आणि रात्री सगळ्यांना घरोघरी सोडणारही मीच. गेल्या वर्षीच्या गटारीलाही हे काम माझ्याकडंच होतं. १७ फेब्रुवारी २०२४ च्या रात्रीनंतर मी दारू घेतलेली नाही. सतरा महिने झाले.

कशी सोडली, असं बरेच जण विचारतात. पहाटे पळायला येणारी नवीन पोरं विचारतात, कारखान्यातले विचारतात. परवा एका बारशात मेव्हण्यानं हाताला धरून बाजूला नेलं आणि हळूच विचारलं. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यानं सांगत आलोय. आता एकदा सगळं नीट लिहून काढतो.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. वय ४४, राहायला जुळे सोलापुरात. रोज पिणारा मी कधीच नव्हतो. शनिवारी कामगारांचे पगार झाले, आठवड्याची शेवटची गाडी भरून पावती फाडली की आम्ही चौघं-पाच जण बसायचो. बहुतेक वेळा एक क्वार्टर. लग्नसराईत मधल्या वारीही एखादी बैठक व्हायची. त्यावरून घरात भांडण नाही, पैशाची ओढाताण नाही, पिऊन कुठं पडलो नाही. त्यामुळं आपल्याला व्यसन नाही याची मला पक्की खात्री होती. या खात्रीमुळं मी कित्येक वर्षं या गोष्टीकडं नीट बघितलंच नाही.

पळायला लागलो २०२१ च्या पावसाळ्यात. कोविड होऊन गेल्यावर कारखान्याचा जिना चढताना दम लागायला लागला होता. रक्त तपासलं तर साखर काठावर. माझा एक शाळेपासूनचा मित्र डॉक्टर आहे, तो म्हणाला, गोळ्या नंतर बघू, आधी चाल. मग पहाटे कंबर तलावाच्या बाजूला चालायला लागलो. कागदावर त्याचं नाव धर्मवीर संभाजी तलाव आहे, पण आमच्या तोंडात कंबर तलावच. चालण्याचं पळणं झालं, दोन किलोमीटरचे पाच झाले, पाचाचे दहा. वर्षभरात दहा किलोमीटर न थांबता पळायला लागलो आणि त्यानंतर अडकलो ते अडकलोच. दहाची वेळ एक तास नऊ मिनिटांच्या खाली येईना. रविवारचं लांब पळणं चौदा-पंधराच्या पुढं जाईना. बूट बदलले, पहाटेचा आहार बदलला, यूट्यूबवर बघून पायांचे व्यायाम सुरू केले. काही फरक नाही.

डिस्पॅचच्या माणसाला नोंदीची सवय असते. किती गठ्ठे गेले, कुठल्या गाडीनं गेले, किती वाजता गेले, हे लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. पळण्याचीही मी पहिल्या दिवसापासून वही ठेवली. दोनशे पानी, आडव्या रेघांची. तारीख, किलोमीटर, वेळ, सकाळी उठल्या उठल्या घेतलेले नाडीचे ठोके आणि शेवटी शेरा. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहायचो, 'पाय जड', 'झोप नाही', 'ऊन लवकर चढलं', 'आज मजा आली'. तीन वर्षांच्या त्या वहीत एकदाही 'काल बसलो होतो' असं लिहिलेलं नाही.

आता श्रावणाची गोष्ट.

आमच्या घरी श्रावण पाळतात. मटण बंद, दारू बंद, सोमवारचा उपास. लहानपणापासून बघत आलोय, त्यामुळं त्यात विचार करण्यासारखं काही वाटत नाही. २०२३ साली अधिक श्रावण आला. म्हणजे १८ जुलैपासून अधिक आणि १७ ऑगस्टपासून निज. आमच्या ग्रुपमध्ये वाद झाला, पाळायचा कुठला? बहुतेकांनी निज पाळायचा ठरवला, एक महिना पदरात पडला म्हणून खूशही झाले. मी आईला विचारलं. आई म्हणाली, "अरे, अधिक म्हणजे पुरुषोत्तम मास. त्यात तर मुळीच नाही." विषय संपला. १५ सप्टेंबरपर्यंत सलग दोन महिने मी घेतली नाही.

त्या दोन महिन्यांतल्या वहीची पानं आजही उघडून बघतो. पहिल्या पंधरवड्यात विशेष काही नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दहा किलोमीटर एक तास पाच मिनिटं. स्वातंत्र्यदिनानंतरच्या रविवारी अठरा किलोमीटर, शेरा 'अजून पळता आलं असतं'. ऑगस्टअखेर दहा किलोमीटर एक तास एक मिनिट. सकाळचे ठोके ६४ वरून ५७ वर. त्याच मोसमात साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन पळालो. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यानं पुढं जायचं आणि तसंच खाली उतरायचं. आदल्या वर्षी घाटात तीनदा चाललो होतो आणि तीन तास एक मिनिट लागलं होतं. त्या वर्षी चालावं लागलं नाही. दोन तास अडतीस मिनिटं.

याचं श्रेय मी पावसाला दिलं. पावसाळ्यात हवा गार असते, सगळेच चांगले पळतात, असं मी लोकांना सांगायचो आणि मला ते पटलेलंही होतं.

मग गणपती झाले, विसर्जन झालं आणि पहिल्या शनिवारी पुन्हा बैठक बसली. पुढं दिवाळी, कारखान्यातल्या निर्यातीच्या ऑर्डरी, थर्टीफर्स्ट, हुरडा पार्ट्या. सोलापुरात पळायला सगळ्यात चांगले दिवस म्हणजे डिसेंबर-जानेवारी. पहाटे स्वेटर घालावासा वाटतो, दव पडलेलं असतं, गड्ड्याच्या यात्रेसाठी गाव सजलेलं असतं. उन्हाळ्यात ४३-४४ अंशांत भाजून निघणाऱ्या गावाला वर्षातून एवढे सहा आठवडे थंडी मिळते. आणि ऐन जानेवारीत माझी दहाची वेळ परत एक तास सात मिनिटं झाली. सगळा हवेचा खेळ असता तर जानेवारीत मी ऑगस्टपेक्षा चांगला पळायला हवा होतो. हे माझ्या लक्षात आलं होतं. पण लक्षात येणं आणि कबूल करणं यात महिना गेला.

१७ फेब्रुवारी, शनिवार. एक मोठी ऑर्डर वेळेत गेली म्हणून होटगी रोडच्या एका ढाब्यावर बसलो. नऊला सुरुवात केली. माझी क्वार्टर झाली, वर आग्रहाची एक नाइंटी, म्हणजे ९० मिली, झाली. साडेअकराला उठलो. साडेबाराला झोपलो आणि साडेचारचा गजर लावला, कारण रविवारी विजापूर रोडला अठरा किलोमीटर ठरलेले होते आणि ठरलेलं पळणं मी चुकवत नसे. याचा मला अभिमान होता.

सोरेगाव ओलांडेपर्यंत ठीक होतं. हत्तूरच्या पुढून परत फिरलो आणि बाराव्या किलोमीटरच्या आसपास अंगातून कुणीतरी वात काढून घ्यावी तसं झालं. घड्याळात ठोके १७२. त्याच वेगाला एरवी १५० असतात. जीभ टाळ्याला चिकटलेली, मांड्या दगडाच्या, आणि पोटातून आंबट कळ वर येत होती. एका मोरीच्या कठड्यावर बसलो. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या एकामागून एक जात होत्या, साखर कारखान्यांचा हंगाम चालू होता. त्यातला एक रिकामा परत चाललेला ट्रॅक्टर थांबला. ड्रायव्हर पंचविशीचा पोरगा असेल. त्यानं कॅनमधलं पाणी दिलं आणि म्हणाला, "चला साहेब, सोडतो." मी त्याच्या शेजारी मडगार्डवर बसलो. दोन मिनिटांनी त्यानं माझ्याकडं न बघता विचारलं, "रात्रीची हाय का अजून?"

घामातून वास येत होता. पहाटे दात घासून, अंघोळ करून निघालो होतो तरी येत होता. मी हो म्हणालो. त्यानंतर तो काही बोलला नाही, मला जुळे सोलापूरच्या वळणावर उतरवलं आणि पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन झोपलो नाही. वही काढली, फोनमधली यूपीआयची हिस्टरी काढली. ढाबा, परमिट रूम, वाइन शॉप, प्रत्येक पैशाची तारीख तिथं होती. लाल पेन घेऊन वहीत त्या त्या तारखेपुढं टिंब करत गेलो. दुपारी दोनपर्यंत हेच चाललं होतं. वहीत 'पाय जड' किंवा 'झोप नाही' असा शेरा दीड वर्षात ३१ वेळा होता. त्यातल्या २६ शेऱ्यांच्या आदल्या रात्रीपुढं लाल टिंब आलं. आणि अधिक-निज श्रावणाच्या साठ दिवसांत तसे शेरे फक्त दोन. ही पानं मी स्वतःच्या हातानं लिहिली होती. यात वाद घालायला कुणी नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टर मित्राकडं वही घेऊन गेलो. त्यानं कॅल्क्युलेटर काढला आणि जे दाखवलं ते मी आजही सगळ्यांना करून दाखवतो. व्हिस्की-रम घ्या, बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये शुद्ध अल्कोहोल झालं ७७ मिली, वजनात ६१ ग्रॅम. त्या रात्रीची नाइंटी धरली तर ९१ ग्रॅम. माणसाचं लिव्हर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निपटतं. लिंबूपाणी प्या, कॉफी प्या, अंघोळ करा, वेग वाढत नाही. म्हणजे नऊला सुरू केलेल्या ९१ ग्रॅमला सकाळचे सहा ते अगदी दहाही वाजू शकतात. मी पाच वाजता पळायला निघालो तेव्हा दारू रक्तात होती. माझी क्वार्टरवाली नेहमीची रात्रसुद्धा पहाटे तीन ते सहापर्यंत लिव्हरच्या कामातच जात होती.

आणि लिव्हर त्या कामात असताना त्याचं दुसरं काम मागं पडतं. लांब पळताना रक्तातली साखर टिकवायची ती लिव्हरनंच. साठवलेलं ग्लायकोजन सोडायचं, नवीन साखर तयार करायची. दारू हे नवीन साखर तयार करणंच दाबून टाकते. माझी बाराव्या किलोमीटरची वात अशी विझली होती.

पाण्याचंही तसंच. आपल्या मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक येतं, ते मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला सांगतं. दारू त्याला गप्प करते, म्हणून पिणारा सारखा लघवीला उठतो. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्ताचं आकारमान कमी होतं आणि तेवढंच रक्त फिरवायला हृदयाला जास्त ठोके मारावे लागतात. १५० च्या जागी १७२ त्यामुळं. पुण्या-मुंबईचा माणूस कदाचित यातून निभावून नेईल. आमच्याकडं मार्चनंतर तासाभराच्या पळण्यात माझं दीड किलो वजन निव्वळ घामात जातं, मी पळण्याआधी आणि नंतर काट्यावर उभा राहून मोजलंय. तिथं आधीच कोरडं होऊन निघणं म्हणजे रिकामा टँकर घेऊन लग्नाला पाणी पुरवायला जाणं.

पण मला सगळ्यात जास्त लागली ती झोपेची गोष्ट. मला वाटायचं, घेतली की झोप छान लागते. लागते लवकर, हे खरं. पण दारू उतरायला लागली की रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटक होते, स्वप्नांची झोप कमी होते, आणि ठोके रात्रभर चढेच राहतात. स्नायूंची डागडुजी, ग्रोथ हार्मोन हे सगळं गाढ झोपेतलं काम. पळताना आपण शरीराला फक्त सांगतो की एवढं ओझं येणार आहे. शरीर मजबूत होतं ते नंतर, जेवताना आणि झोपताना. माझ्या आठवड्यातलं सगळ्यात मोठं पळणं रविवारी, आणि त्याच्या आदल्या रात्रीची झोप मी दर आठवड्याला घालवत होतो. सणासुदीला रविवारी दुपारीही बसायचो, म्हणजे पळण्यानंतरचे तासही गेले.

मित्रानं एक अभ्यासही सांगितला. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी आठ तंदुरुस्त तरुणांना कसून व्यायाम करायला लावला आणि नंतर स्नायूंमध्ये प्रथिनं किती वेगानं बांधली जातात ते मोजलं. व्यायामानंतर प्रोटीनसोबत दारूही घेतली तेव्हा तो वेग नुसतं प्रोटीन घेतल्यापेक्षा २४ टक्क्यांनी कमी होता. प्रोटीनऐवजी कर्बोदकं आणि दारू घेतली तेव्हा ३७ टक्क्यांनी कमी. माणसं फक्त आठ आणि मात्रा मोठी, वजनाच्या दर किलोला दीड ग्रॅम. माझ्या तेव्हाच्या ८२ किलोला ती दोन क्वार्टर होते. आपण एवढी घेत नाही, असं म्हणून सुटका करून घेता येते. मी मात्र लग्नांतल्या रात्री आठवल्या आणि गप्प बसलो.

त्या रात्री बायकोला सांगितलं, आता श्रावण संपेपर्यंत नाही. ती म्हणाली, "अहो, श्रावण ऑगस्टात आहे, आत्ता फेब्रुवारी चाललाय." मी म्हटलं, म्हणूनच. कायमची सोडतो असं म्हणायची मला हिंमत नव्हती. श्रावण पाळायची सवय मात्र हाडीमाशी होती. श्रावणात कुणी आग्रह करत नाही, मन वळत नाही, भिशीत असो की लग्नात असो, 'श्रावण आहे' म्हटलं की ग्लास पुढं येत नाही. तेच मी उरलेल्या महिन्यांना लावलं.

पहिले दहा दिवस झोप उलट बिघडली. शनिवारी रात्री एक-एक वाजेपर्यंत डोळा लागायचा नाही. गोड खावंसं फार वाटायचं. संध्याकाळी सात वाजले की पेढे, शेंगापोळी, बालूशाही, काहीही. दारूतल्या कॅलरी बंद झाल्या की असं होतं म्हणतात. एका क्वार्टरमध्येच सव्वाचारशेच्या आसपास कॅलरी असतात. पहिल्या महिन्यात माझं वजन अर्धा किलो वाढलं. हे मुद्दाम सांगतो, कारण महिन्यात फरक दिसला नाही म्हणून परत सुरू केलेले दोघं माझ्या ओळखीत आहेत. माझ्या वहीत फरक दिसायला पाचवा आठवडा लागला.

शनिवारची संध्याकाळ सगळ्यात अवघड. सहा वाजता शेवटची गाडी फाटकाबाहेर गेली की हात मोकळे व्हायचे आणि डोक्यात काहीतरी वाजायला लागायचं. तहान नव्हती ती. दहा-बारा वर्षं त्याच वेळेला ज्या माणसांत बसलो त्यांची ओढ होती. पहिले तीन शनिवार मी बैठकीला गेलोच नाही, आणि घरी इतकं उदास वाटलं की चौथ्या शनिवारी गेलो. लिंबू-सोडा घेऊन बसलो. अण्णा म्हणाला, "काय बे, आमच्यावर रागावलास का?" त्याला खरोखर तसं वाटलं होतं. आपल्याकडं एकानं ग्लास खाली ठेवला की बाकीच्यांना तो निवाडा वाटतो. मी त्याला वही दाखवली. त्यानं लाल टिंबं बघितली, बराच वेळ पानं उलटली आणि वेटरला म्हणाला, "साहेबांना अजून एक सोडा." त्यानंतर मला कुणी आग्रह केला नाही. नऊ वाजता मी जेवण मागवून घेतो, साडेनऊला निघतो. मित्र टिकले. एकच तुटला, आणि तो का तुटला ते मला आजही कळलेलं नाही.

त्या उन्हाळ्यात खरी परीक्षा होती. पाऊस नाही, गारवा नाही. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडं पहाटे साडेचारलाही हवा कोमट असते, रस्त्याच्या डांबरातून रात्रभराची धग येते. दरवर्षी मेमध्ये माझं पळणं पाच-सहा किलोमीटरवर यायचं. २०२४ च्या मेमध्ये मी दर रविवारी सोळा किलोमीटर पळालो. वेग वाढवला नाही, ठोके १४५ च्या वर गेले की चालायचं असा नियम ठेवला. एका रविवारी परतताना उजाडलं आणि लक्षात आलं की आठ किलोमीटरमध्ये एकदाही चाललेलो नाही. पावसाला श्रेय द्यायची सोय त्या दिवशी संपली. घरी येऊन गार ताकात मीठ घालून दोन तांबे प्यायलो, कडक भाकरी दह्यात कुस्करली, वर शेंगाची चटणी आणि कच्चं तेल. शेऱ्यात लिहिलं, 'मे महिना'. एवढंच.

बाकीचे आकडे भराभर सांगतो. सकाळचे ठोके आता ५२. दहा किलोमीटर ५६ मिनिटं. साताऱ्याचा घाट गेल्या वर्षी दोन तास एकवीस मिनिटांत. वजन ७५. साखर काठावरून खाली आली, त्यात पळण्याचा वाटा किती आणि दारू सोडल्याचा किती हे वेगळं काढता येत नाही. या जानेवारीत मुंबईला पहिली पूर्ण मॅरेथॉन पळालो, ४२ किलोमीटर. शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ येतो. तिथं लोक रस्त्याच्या कडेला बसून पाय चोळत होते. मी सावकाश, पण पळत चढलो. चार तास सत्तेचाळीस मिनिटं. बायको आणि लेक शेवटी उभ्या होत्या. लेकीनं पाण्याची बाटली दिली आणि माझ्या घामेजल्या खांद्याला नाक लावून म्हणाली, "बाबा, मिठाचा वास येतोय." ट्रॅक्टरवरची ती सकाळ तिला माहीत नाही. मला ती आठवली आणि रडू आलं.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगायची आहे. मी आठवड्याचा पिणारा होतो, म्हणून एका रात्रीत थांबू शकलो. रोज पिणाऱ्यानं हे असं करू नये. आमच्या कारखान्यात बीम, म्हणजे मागावरचं धाग्याचं मोठं रीळ, भरणारा एक कामगार आहे, सकाळीही घ्यायचा. माझं बघून त्यानं एका सोमवारी अचानक बंद केली. मंगळवारी हात इतके थरथरत होते की तुटलेल्या धाग्याला गाठ मारता येईना, घामानं अंगरखा भिजलेला. बुधवारी पहाटे घरी फिट आली. आम्ही उचलून दवाखान्यात नेलं, वाचला. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याच्या शरीराला ती सवयीची झालेली असते. एकदम काढली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. अशा माणसानं डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं घेऊनच थांबावं. आपल्याकडं सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हेच काम करतंय. त्या कामगारानं नंतर उपचार घेऊनच सोडली. आता तो माझ्याबरोबर पळत नाही, पळायला त्याला वेळ नाही, पण रोज सकाळी मला फाटकावर "साहेब, एकशे चाळीस" असं दिवस मोजून सांगतो. माझ्या सगळ्या वेळांपेक्षा मला तो आकडा मोठा वाटतो.

मनातून पूर्ण गेली का, तर नाही. पहिल्या पावसाला, ओल्या मातीचा वास आला की अजून आठवण होते. मटण शिजत असताना होते. बुधवारी होईल. म्हणून बुधवारी हात रिकामा ठेवायचा नाही असं ठरवलंय, चुलीपाशी मीच बसणार.

दोन किलो मटण सांगून ठेवलंय. कडक भाकऱ्या आप्पाच्या घरून येतील, मिरचीचा खर्डा आई करून देणार आहे. माझ्यासाठी सोड्याच्या सहा बाटल्या आणि डझनभर लिंबं. आप्पानं मघाशी फोन करून विचारलं, शुक्रवारपासून श्रावणभर तुझ्याबरोबर पहाटे आलो तर चालेल का. त्याला साडेचारला कंबर तलावावर बोलावलंय. अवसेच्या सकाळी माझे बारा किलोमीटर आहेत, वहीत पेन्सिलनं लिहून ठेवलेत. सगळ्यांना सोडून घरी यायला रात्रीचा एक वाजला, तर सहा करीन.